लुडोत फाशाचं राज्य का चालतं?

लुडोविषयीची नेहमीची तक्रार अशी, की त्यात डोकं लागत नाही, सगळा कारभार फाशाचा. बुद्धिबळ हा शहाण्यांचा खेळ आणि लुडो पोरासोरांचा, अशी वाटणी आपण कधीच करून टाकली आहे. तक्रारीतलं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. फाशाचं हे वर्चस्व आहे म्हणूनच लुडो पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत टिकला. आणि फाशाने खेळणाऱ्याच्या हाती जो थोडासा निर्णय ठेवला आहे, त्यामुळे मोठ्या माणसांनाही तो कंटाळवाणा होत नाही.

या खेळाचं मूळ आपल्याकडच्या पचिसीत आणि सारीपाटात आहे. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. खंडोबा म्हाळसेशी सारीपाटाचा डाव हरला आणि पणाप्रमाणे घर सोडून बाणाईकडे मेंढ्या राखायला गेला, ही कथा तर महाराष्ट्रात वाघ्या-मुरळी गातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पचिसीचा लुडो झाला, तेव्हा त्यातून बरंच काही गेलं. पचिसीत समोरासमोर बसलेले दोघं भिडू असत. लुडोत ज्याचा तो एकटा. कवड्या जाऊन एक चौकोनी फासा आला, आणि हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. सहा कवड्या फेकल्या आणि प्रत्येक कवडी उलटी किंवा सुलटी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर चौसष्ट प्रकारांपैकी वीस प्रकारांत तीन कवड्या सुलट्या पडतात. सहाच्या सहा सुलट्या पडण्याचा प्रकार फक्त एक. कोणतं दान वारंवार पडतं आणि कोणतं क्वचित, हे मुरलेल्या खेळाडूला अंगवळणी पडलेलं असे. फाशाचे सहाही आकडे सारखेच संभवतात, त्यामुळे अनुभवाचा तो फायदा संपला. जाणकारांना हे नुकसान वाटेल, आणि ते आहेच. पण याच नुकसानीमुळे सहा वर्षांची नात आजोबांच्या बरोबरीने पटावर बसू शकली.

घरात खेळायच्या खेळाची खरी अडचण वयातल्या अंतराची असते. बुद्धिबळात सरस माणूस दहापैकी दहा डाव जिंकतो, मग दुर्बळ बाजू खेळणं सोडते, किंवा सरस बाजू मुद्दाम हरते आणि मुलांना ते लगेच कळतं. लुडोत कोणालाही मुद्दाम हरावं लागत नाही. तरीही निर्णय उरतोच. चार पडले, तर घराजवळ आलेली सोंगटी पुढे न्यायची, की मागे अडकलेली सोडवायची? शत्रूची एक सोंगटी तीन घरं मागे असेल, तर मार बसण्याचा धोका साधारण सहात एक. दोन वेगवेगळ्या खेळाडूंच्या सोंगट्या टप्प्यात असतील, तर तो जवळजवळ तिनात एक होतो. हे गणित न शिकलेलं मूलही दोघांच्या पुढ्यात सोंगटी ठेवायला कचरतं. निर्णय लहान असला तरी तो स्वतःचा असतो, म्हणून जिंकल्याचा आनंदही स्वतःचा वाटतो.

यावर कोणी म्हणेल, लुडो टिकला तो स्वस्त आणि सवयीचा आहे म्हणून. या आक्षेपाचं उत्तर त्याच पुठ्ठ्यावर आहे. आपल्याकडे लुडोच्या पटामागे बहुधा सापशिडी छापलेली असते. किंमत तीच, फासाही तोच. सापशिडीत खेळाडूला एकही निर्णय घ्यायचा नसतो, आणि मुलं आठ-नऊ वर्षांची झाली की ती बाजू सहसा मागे पडते. पुढची बाजू मात्र मोठी माणसंही खेळतात. २०२०च्या टाळेबंदीत ‘लुडो किंग’ हा नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६मध्ये आणलेला खेळ फोनाफोनांवर पोहोचला, तो बव्हंशी मोठ्यांमुळेच. पूर्वीही हेच झालं होतं. पचिसीच्याच कुळातला जर्मन खेळ म्युनिकच्या श्मिट यांनी तयार केला आणि पहिल्या महायुद्धात त्याचे पट लष्करी रुग्णालयांत पाठवले. तिथे तो खेळणारे प्रौढ सैनिक होते.

खेळात दोष नाहीत असं नाही. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही, आणि दहा वेळा फासा टाकूनही सहा न पडण्याची शक्यता सोळा टक्के आहे. लहान मुलाने तितका वेळ नुसतं बघत बसणं ही शिक्षाच. कित्येक घरांनी यावर स्वतःच तोड काढली: एक पडला तरी सोंगटी बाहेर. तेवढ्याने ती शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली येते.

नशिबाच्या खेळाने मुलांना जुगाराची चटक लागेल, हा आक्षेप याहून गंभीर आहे. ज्या संस्कृतीने द्यूतात राज्य गेल्याची कथा जपली, तिला तो हसण्यावारी नेता येणार नाही. लुडो कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्न पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ॲपच्या निमित्ताने २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली, ती मला योग्य वाटते. लुडोतलं नशीब निरुपद्रवी असतं ते पणाला काहीच लावलेलं नसतं तोवर. पैसा आला की वयांची बरोबरी साधणारा तोच फासा खिसे रिकामे करू लागतो. शिवाय फोनवरचं दान यंत्र ठरवतं, ते कसं ठरलं हे खेळणाऱ्याला दिसत नाही, आणि हरणाऱ्याच्या मनात शंका राहते. पुठ्ठ्याच्या पटावर फासा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतो. तो पटाबाहेर घरंगळला तर दान धरायचं की पुन्हा टाकायचं, यावर भांडण होतं, पण तो नियम खेळणारे आपापसात ठरवू शकतात.