द्राक्षबागेचं टाइमटेबल

ग्लोबल वॉर्मिंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतो वितळणारा बर्फ आणि बिचारं पांढरं अस्वल. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात तेच चित्र होतं! पण तासगावला माझ्या मामाची द्राक्षबाग आहे, आणि तिथे हा सगळा विषय छाटणीच्या तारखेवर येऊन थांबतो.

द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे नवीन काडी तयार करण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरची ती फळछाटणी. तिच्यानंतर साधारण चाळीस दिवसांत वेल फुलोऱ्यात येते आणि तेव्हा हवा कोरडी लागते. पान काही तास सलग ओलं राहिलं तरी डाऊनी पसरतो, कारण या रोगाचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरातून चक्क पोहत जातात! मग कोवळे घड कुजतात, गळतात. औषध मारावं तर पुढची सर धुऊन नेते, आणि वापसा नसला की ट्रॅक्टर बागेत जात नाही.

पूर्वी परतीचा पाऊस गेला की छाटणी, असा सोपा हिशेब होता. आता तो पाऊस कधी जाईल याचाच भरवसा नाही. कारण आपल्या थर्मोडायनॅमिक्समध्येच आहे. हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यात अरबी समुद्रही तापतोय. एखाद्या वादळाचा दोष थेट तापमानवाढीवर टाकता येत नाही, हे मान्य. तरी २०१९ हे एकच वर्ष बघा. मे महिन्यात जत, माण, खटावला टँकर. ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचा महापूर. दिवाळीच्या सुमारास अरबी समुद्रात आधी 'क्यार', पाठोपाठ 'महा' आणि बागांवर पाऊसच पाऊस. आता सांगा, आपल्याकडे पाऊस कमी झाला की जास्त?

आगाप छाटणी केली तर भाव चांगला, पण डाऊनीची भीती. उशिरा केली तर सगळ्यांचा माल एकदम बाजारात. बेदाणा करावा, तर मार्च-एप्रिलमध्ये शेडवर अवकाळी आला की तो काळा पडतो आणि सौद्यात भाव पडतो. मेसच्या शिऱ्यात बेदाणे मोजून का येतात, त्याचं एक कारण हेही असेल! महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचंही तेच. लागण सप्टेंबरच्या आसपास, आणि पाऊस रेंगाळला की रोपं कुजतात.

प्लास्टिक आच्छादन हा उपाय आहे, पण महागडा. मामा सध्या बाग दोन तुकड्यांत छाटतो. एक गेला तर दुसरा, म्हणतो.