हातात मशीन, डोक्यात कुऱ्हाड

मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की वाटेत नेकनूर लागतं. या भागातल्या बांधांवरच्या बाभळी आणि लिंब म्हणजे शेतकऱ्याची जुनी ठेव. औत, गाडी, घराची आढी, सरपण, सगळं त्यातूनच. पूर्वी झाड पाडायचं तर कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत लागे. आता वादळात लिंब रस्त्यावर आडवा झाला की पेट्रोलवरचं मशीन येतं. कुणी त्याला चेनसॉ म्हणतं, कुणी कटर. दिवसभराचं काम तासाभरात उरकतं. हत्यार बदललं, पण हाताची सवय कुऱ्हाडीचीच राहिली. या मशीनबद्दलचे बरेच गैरसमज त्या सवयीतून आले आहेत.

गैरसमज : गडी ताकदीचा असला की मशीन आवरतं.

वस्तुस्थिती : पूर्ण वेगात चेन सेकंदाला साधारण २० मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पळते. चेन ज्या पट्टीभोवती फिरते तिच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला किंवा मागच्या फांदीला टेकला की दात कापण्याऐवजी अडतात आणि अख्खी पट्टी उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. यालाच किकबॅक म्हणतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे घडून जातं, तिथे दंडाचं बळ कामाला येत नाही.

कामाला येते ती पकड आणि उभं राहण्याची जागा. दोन्ही हात मुठींवर हवेत, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळलेला हवा. डोकं आणि मान पट्टीच्या रेषेत नको, थोडी बाजूला हवी. खांद्याच्या वर मशीन उचलायचं नाही, शिडीवरून चालवायचं नाही. पुढच्या मुठीसमोरचं प्लास्टिकचं संरक्षक म्हणजे नुसता आडोसा नव्हे, तोच ब्रेकचा दांडा. तो पुढे ढकलला की चेन जागीच थांबली पाहिजे. रोज कामाआधी एवढं बघा. मशीन सुरू करायची दोरी ओढतानाही ब्रेक लावलेला आणि मशीन जमिनीवर पायाने दाबलेलं असावं. हवेत झुलवत दोरी ओढण्याची ऐट मांडीवर बेतते.

गैरसमज : कापत नसेल तर जोर द्यायचा.

वस्तुस्थिती : कुऱ्हाड बोथट झाली तर आपण घाव जोरात घालतो. मशीनला दाबलं तर इंजिन तापतं, पट्टी झिजते आणि तोल जातो. धार गेली हे ओळखायला खाली पडलेलं लाकूड बघा. धारदार चेन ढलप्या उडवते, बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते. भुसा दिसला की थांबा आणि गोल कानस काढा.

कानस चेनच्या मापाची हवी. लहान मशीनवरच्या ३/८ लो-प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटरची, ०.३२५ च्या चेनला ४.८ मिलिमीटरची. बहुतेक चेनना कोन ३० अंशांचा असतो, तरी पुस्तिकेत बघून घ्या. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने चालवायची. प्रत्येक दाताला हात सारखेच द्यायचे, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला पाच दिले तर काप तिरका जातो. बांधावरच्या बाभळीत जुनी काटेरी तार किंवा पाटीचा खिळा सालीखाली दडलेला असतो. त्यावर चेन गेली की सकाळची धार संपली.

गैरसमज : चेनला जळकं ऑइल चालतं.

वस्तुस्थिती : इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये धातूचे बारीक कण आणि काजळी असते. ते पंप आणि पट्टीची खाच घासतं. शिवाय ते चेनला चिकटून राहत नाही, वेगाने फेकलं जातं आणि कातडीलाही घातक असतं. चेनसाठी चिकट ऑइल वेगळं मिळतं. ते पोचतंय का हे बघायला पट्टीचं टोक फिक्या ओंडक्यापासून थोडं वर धरा आणि रेस वाढवा. ओंडक्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली तर ठीक.

गैरसमज : पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल जास्त पडलं तर इंजिनाला बरंच.

वस्तुस्थिती : जास्त ऑइलने धूर होतो, प्लग आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचते. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४०. टोपणाच्या अंदाजाने नको, मापाने घाला. मिश्रण महिनाभरापेक्षा जुनं वापरू नका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि कार्बोरेटरमधला रबरी पडदा खराब होतो.

गैरसमज : दोर ओढू तिकडे झाड पडतं.

वस्तुस्थिती : झाडाला दिशा देते ती बुंध्यात राखलेली बिजागरी. ज्या बाजूला पाडायचं तिथे आधी बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागाएवढी खाच घ्यायची. मग मागून काप घ्यायचा, पण पुरता कापायचा नाही. मधे जाडीच्या दहाव्या भागाएवढं लाकूड राहू द्यायचं. ते झाडाला वळवत खाली नेतं. ते कापून टाकलं तर झाड कुठेही जाईल, मग दोर धरलेली चार माणसंही त्याला वळवू शकत नाहीत. मागे तिरकी पळवाट आधीच मोकळी करा. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कुणी नको. जवळून विजेची तार जात असेल तर आधी महावितरणला कळवा.

गैरसमज : उन्हात जाड कपडे कोण घालणार?

वस्तुस्थिती : लुंगी, उपरणं आणि चप्पल ही या कामाची वस्त्रं नव्हेत. चेनसॉसाठीच्या विजारीत लांब धागे भरलेले असतात. चेन लागताच ते बाहेर ओढले जाऊन चेन फिरवणाऱ्या चाकात गुंततात आणि चेन थांबते. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांवर मफ हवेत. डोळ्यांवर चष्मा, पायात बूटही हवेत. जखम झालीच तर हळद भरत बसू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा.

गैरसमज : माझ्या शेतातलं झाड, परवानगी कसली?

वस्तुस्थिती : चिंच, आंबा, साग, जांभूळ ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

पूर्वी संध्याकाळी कुऱ्हाड कोपऱ्यात उभी केली की काम संपायचं. मशीनचं तसं नाही. ते गार होऊ द्यायचं, एअर फिल्टर झटकायचा, पट्टीच्या खाचेतला भुसा काढायचा. तापलेली चेन ताणून ठेवली असेल तर ती सैल करायची, कारण गार होताना ती आकसते आणि इंजिनाच्या दांड्यावर ताण येतो. सकाळी गार असतानाच पुन्हा जुळवायची. पट्टीच्या खालच्या कडेला टेकलेली, तरी हातमोजा घालून हाताने ओढता येईल इतकी. आठ-पंधरा दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं आणि मगच पट्टीला कव्हर घालायचं.