कळणे आणि वळणे यांमधील अंतर

‘कळते पण वळत नाही’ असे म्हणताना ज्ञान आणि आचरण यांमधील अंतराचा सारा दोष माणसाच्या मनोदौर्बल्याकडे जातो. मादक द्रव्ये टोचून घेणाऱ्यांमधील एच.आय.व्ही. संसर्गाच्या बाबतीत हे स्पष्टीकरण कितपत पुरते, हे चेन्नईच्या संदर्भात तपासण्यासारखे आहे.

भारतातील एच.आय.व्ही.चा पहिला पुरावा याच शहरात, तत्कालीन मद्रासमध्ये, १९८६ साली मिळाला. मद्रास मेडिकल कॉलेजातील डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताच्या तपासणीतून तो उजेडात आणला. चेन्नईतील गायतोंडे या मराठी कुटुंबात जन्मलेल्या सुनीतीबाईंनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र स्थापिले. पुढे या केंद्राने टोचून घेणाऱ्यांमधील संसर्गाचाही अभ्यास केला.

दुसऱ्याची सुई वापरणे घातक आहे, हे अशा व्यक्तींपैकी अनेकांना ठाऊक असते. परंतु हे ज्ञान बहुधा सुईपाशीच थांबते. द्रव्य विरघळविण्याचे भांडे, ते गाळण्याचा कापूस आणि पाणी यांतूनही रक्ताचा अंश एकाकडून दुसऱ्याकडे जातो. यकृतदाहाचा ‘सी’ विषाणू तर या मार्गाने अधिकच सहज पसरतो. शिवाय द्रव्य वेळेवर न मिळाल्यास काही तासांतच अंगदुखी, घाम, उलट्या सुरू होतात. अशा वेळी हाताशी असलेली सुई हीच एकमेव सुई ठरते. जवळ सुई सापडली तर पोलीस पकडतील, या धास्तीने ती बाळगणेही टाळले जाते. सोबत्याची सुई नाकारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे, असाही अर्थ घेतला जातो.

म्हणूनच उपदेशाला साधनांची जोड लागते. निर्जंतुक सुया पुरविणे आणि वैद्यकीय देखरेखीखाली जिभेखाली ठेवण्याची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देणे, हे त्यांतील दोन प्रमुख उपाय होत. चेन्नईत ज्या औषधाची इंजेक्शने नशेसाठी टोचली गेली, तेच औषध येथे उपचार ठरते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने सेवन दंडनीय ठरविले असले, तरी १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एच.आय.व्ही. कायद्याने सुया पुरविण्यासारख्या उपायांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे.

कळलेले वळावयाचे, तर वळण्यास वाट असावी लागते. ती मोकळी करण्याचे उत्तरदायित्व समाजाकडे येते.