लॅपटॉपची स्क्रीन काळी पडते? नवी स्क्रीन घेण्याआधी हे तपासा

किराणा असो, कापड असो की वाहतूक, आज दुकानाची बिले, उधारीच्या याद्या आणि जीएसटीची विवरणपत्रे लॅपटॉपवरच तयार होतात. गिऱ्हाईक समोर उभे असताना किंवा महिन्याच्या २० तारखेला, मासिक विवरणपत्राच्या अखेरच्या दिवशी, स्क्रीन एकाएकी काळी पडली तर दुकानदार गांगरून जातो. मशीन उचलून दुरुस्तीला नेतो, ‘स्क्रीन गेली’ असे ऐकतो आणि नव्या स्क्रीनचे पैसे मोजून मोकळा होतो. वास्तविक काळी पडलेली प्रत्येक स्क्रीन निकामी झालेली नसते. दोष कोठे आहे हे ओळखण्यासाठी फारशा ज्ञानाची गरज नाही; थोडा धीर आणि तपासण्याचा क्रम ठाऊक असला म्हणजे पुरे.

आधी हिशेब वाचवा

स्क्रीन काळी झाली म्हणजे आतली माहिती गेली असे नाही. कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल आणि पंख्याचा आवाज येत असेल, तर मशीन चालू आहे. एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडावा. चित्र आपोआप आले नाही तर विंडोज आणि पी ही बटणे एकदम दाबावीत. टीव्हीवर चित्र दिसताच हिशेबाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. विवरणपत्रही त्याच टीव्हीसमोर बसून भरता येते. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

स्क्रीन केव्हा काळी पडते?

रोगाचे निदान बहुधा याच प्रश्नात असते. मशीनला हात न लावता ठराविक मिनिटांनी स्क्रीन विझत असेल आणि बटण दाबताच परत येत असेल, तर तो बिघाड नव्हे. वीज वाचवण्यासाठी ती वेळ ठरवलेली असते. सेटिंग्जमधील पॉवर विभागात ती वाढवता येते. मात्र बॅटरीवर चालताना आणि चार्जर लावलेला असताना, अशा दोन वेगळ्या वेळा तेथे असतात, दोन्ही पाहाव्यात.

चार्जर काढताच स्क्रीन मंद होत असेल, तर बॅटरी बचतीची सोय उजेड कमी करते आहे असे समजावे. तीही सेटिंग्जमधून बंद करता येते.

झाकण पुढे-मागे करताना स्क्रीन लुकलुकत असेल, तर संशय बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर घ्यावा. दिवसातून अनेकदा उघडझाप झाल्याने ही बारीक केबल झिजते किंवा तिचे टोक सैल होते. असे असेल तर केबल बदलून काम भागते. स्क्रीन बदलावी लागत नाही.

एक गमतीचे कारण असे की, झाकण मिटले हे मशीनला कळावे म्हणून बऱ्याच लॅपटॉपच्या झाकणात लोहचुंबक आणि खालच्या भागात तो ओळखणारा सेन्सर असतो. चुंबकाचे बटण असलेले मोबाइलचे पाकीट कीबोर्डच्या कडेला ठेवले, किंवा एक लॅपटॉप दुसऱ्यावर ठेवून चालवला, तर झाकण मिटले असे समजून मशीन स्क्रीन विझवते. पाकीट बाजूला केले की दोष नाहीसा!

दोष विंडोजचा की यंत्राचा?

विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो व अडकलेले चित्र कधीकधी परत येते.

पुन्हा तसेच झाल्यास मशीन बंद करून सुरू करावे आणि सुरू होतानाच एफ-२, एफ-१० किंवा डिलीट, जे त्या कंपनीचे बटण असेल ते, दाबून बायोसमध्ये जावे. तेथे काहीही न बदलता मशीन अर्धा तास तसेच ठेवावे. बायोसमध्ये विंडोजचा संबंध नसतो. तेथेही स्क्रीन काळी पडली तर दोष यंत्राच्या भागांत आहे. तेथे ठीक राहून विंडोजमध्येच विझत असेल, तर ड्रायव्हर किंवा सेटिंग तपासावी.

टॉर्चची परीक्षा

नेहमीच्या एलसीडी स्क्रीनमध्ये चित्र वेगळे आणि त्यामागचा उजेड वेगळा असतो. खोलीत अंधार करून काळ्या स्क्रीनवर टॉर्च तिरपी धरावी. चित्र पुसटसे दिसले, तर चित्र तयार होत आहे, केवळ मागचा दिवा लागत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये हा दिवा म्हणजे बारीक ट्यूब असे व तिला इन्व्हर्टर लागे. आताच्या मशीनमध्ये एलईडी असतात. ओएलईडी स्क्रीनला मागचा दिवाच नसतो, म्हणून तिला ही परीक्षा लागू नाही.

टॉर्चने काहीच दिसले नाही पण टीव्हीवर चित्र स्वच्छ आले, तर दोष केबल किंवा स्क्रीनमध्ये शोधावा. टीव्हीही काळाच राहिला आणि कॅप्स लॉकचा दिवाही हलेना, तर दोष रॅम किंवा मदरबोर्डकडचा असू शकतो. तेव्हा नवी स्क्रीन लावून उपयोग नाही.

दुरुस्तीला देताना

मशीन स्वतः उघडू नये. जुन्या इन्व्हर्टरमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे असे समजून वापर तात्काळ थांबवावा.

कारागिराला ‘स्क्रीन बदला’ असे सांगू नये. काय तपासले आणि काय दिसले ते सांगावे. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा, केबल तपासून पाहण्याचा आग्रह धरावा, काढलेला जुना भाग परत मागावा आणि नव्या भागाची हमी बिलावर लिहून घ्यावी. प्रामाणिक कारागीर याने नाराज होत नाही. उलट नेमकी माहिती मिळाल्याने त्याचे काम सोपे होते. गिऱ्हाइकाच्या पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्याने आपल्या मशीनवरील खर्चही तितक्याच चोखपणे पाहावा, हे बरे.