एका फुफ्फुसाच्या पलीकडे

कुमार गंधर्वांचा विषय निघाला की एखादा जुना कानसेन हमखास सांगतो, “एकाच फुफ्फुसावर गायचे हो, म्हणून ते तसं तुकड्यातुकड्यांनी.” हे खोटं नाही, पण अर्धंच आहे.

बेळगावजवळच्या सुळेभावी गावी 8 एप्रिल 1924 रोजी जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, लहानपणी ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या गवयांची गाणी हुबेहूब गात. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकताना त्यांना एकाच घराण्याचा काच नव्हता. 1947 मध्ये भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं आणि लवकरच क्षयाने गाठलं. कोरड्या हवेसाठी 1948 च्या जानेवारीत बिऱ्हाड माळव्यातल्या देवासला गेलं. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. भानुमतींनी शाळेत नोकरी करून घर आणि दुखणं दोन्ही सांभाळलं.

अमेरिकेत 1943 मध्ये शोध लागलेलं स्ट्रेप्टोमायसिन 1952 च्या सुमारास कुमारांना मिळालं. जीव वाचला, पण एक फुफ्फुस कायमचं निकामी झालं.

गाणं बंद होतं, ऐकणं नव्हे. खाटेवरून बायकांची माळवी गाणी कानी पडत. त्यातल्या कित्येक धुना जेमतेम चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या. धून नेमकी कुठे थांबते, कोणत्या स्वरावर भार देते, हे पारखून त्यांनी तिच्यातला राग हुडकला, त्याला बंदिशी दिल्या. मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी हे त्यांचे धुनउगम राग. 1953 मध्ये अलाहाबादला ते पुन्हा मैफलीत बसले, ते ही नवी शिदोरी घेऊन. 1965 मध्ये स्वतःच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ निघाला. गांधी जन्मशताब्दीला त्यांनी गांधीमल्हार रचला.

दम तुटला म्हणून तुकड्यांनी गाण्याचं आणखी एक उदाहरण घ्या. अमेरिकन गायक-गीतकार कर्टिस मेफिल्ड यांच्यावर 1990 मध्ये ब्रुकलिनला रंगमंचावरचे दिवे कोसळले आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. त्यांनी 1996 चा ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ आडवं पडून, एकेक ओळ गात ध्वनिमुद्रित केला. तिथे ओळी जोडायला स्टुडिओ होता. कुमारांना श्रोत्यांसमोर जोडणं भाग होतं. छोटी तान, तार षड्जावर थेट झेप आणि मग थांबणं. तो थांबाही त्यांनी सुरात बसवला. दम पुरेना म्हणून गवई थांबेल, पण कुठे थांबायचं ते त्याचा कानच ठरवतो.

नवे राग काढायला आणि बंदिशी बांधायला तर छातीत किती हवा मावते हा प्रश्नच येत नाही. शिवाय दुसऱ्या पत्नी वसुंधराताई, मुलगा मुकुल, मुलगी कलापिनी हे त्यांच्या घरातलेच गायक. कुमारांचा आजार त्यांना नव्हता, तरी ती वाट त्यांनी आपखुशीने धरली. नुसत्या व्यंगातून आलेली लकब पुढची पिढी अशी जिवाभावाने शिकत नाही. देवासलाच 12 जानेवारी 1992 रोजी कुमार गेले. क्षयाने त्यांची पाच-सहा वर्षं नेली. त्यांच्या गाण्याचं श्रेयही त्यालाच देऊन टाकायचं काही कारण नाही.