शाळेचा चैत्र आणि गावाची जबाबदारी

फाल्गुन सरत आला म्हणजे दर्यापूर तालुक्यातील काळ्या रानांत हरभऱ्याची सोंगणी उरकलेली असते. तूर घरात आलेली असते आणि कपाशीच्या शेवटच्या वेचणीनंतर उपटलेल्या पऱ्हाट्या बांधावर रचल्या जातात. हंगामात काय पेरले, काय हाती आले, याचा हिशोब शेतकरी याच दिवसांत करतो. गावातील शाळेचा हिशोबही याच दिवसांत होत असतो. उन्हाचा ताप वाढल्यामुळे शाळा सकाळी भरू लागते, वार्षिक परीक्षा जवळ येते, पाडव्याच्या सुमारास पहिलीतील नवी नावे नोंदली जातात आणि महाराष्ट्र दिनाच्या सुमारास निकाल लागतात.

या निकालात ज्यांना उत्तम गुण मिळाले त्यांचा सत्कार होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. एका ताटाला किती बोंडे लागली यावरून एकराचा उतारा ठरत नाही. पेरलेल्यांपैकी किती रोपे शेवटपर्यंत उभी राहिली, हे पाहावे लागते. शाळेच्या यशालाही हेच माप लावणे इष्ट होय.

या मातीतील विद्यार्थी

संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे झाला. हे गाव आज दर्यापूरला लागून असलेल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. वडिलांच्या निधनानंतर बाळ डेबूजी मूर्तिजापूरजवळील दापुरे येथे मामाच्या घरी वाढला. गुरे राखण्यात आणि शेतीच्या कामात त्याचे बालपण गेले. शाळेचे शिक्षण त्याच्या वाट्याला आले नाही. पुढे याच पुरुषाने हाती खराटा घेऊन गावोगाव स्वच्छतेचा आणि शिक्षणाचा उपदेश केला. घरातील भांडी विकावी लागली तरी चालेल, पण मुलांना शिकवा, असे ते कीर्तनातून सांगत. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे.

डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात झाला. गावात पुढील वर्गांची सोय नसल्यामुळे त्यांना शिक्षणासाठी चांदूर रेल्वे, कारंजा व अमरावती असे मुक्काम बदलावे लागले. पुढे ऑक्सफर्डपर्यंत शिकून परत आल्यावर त्यांनी १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षण त्याच्या घराजवळ मिळावे, हा त्यामागील हेतू होता. दर्यापूर येथील जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय याच संस्थेचे आहे. १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिखाते सांभाळणारे पंजाबराव १० एप्रिल १९६५ रोजी निवर्तले.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. रा. सू. गवई यांचा जन्म १९२९ साली दर्यापूर तालुक्यातील दारापूर या गावी झाला. ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि पुढे बिहार व केरळ या राज्यांचे राज्यपाल होते. त्यांचे पुत्र भूषण गवई यांचे प्राथमिक शिक्षण अमरावतीतील नगरपालिकेच्या मराठी शाळेत झाले. १४ मे २०२५ रोजी ते भारताचे ५२ वे सरन्यायाधीश झाले आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात दर्यापूर येथील न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले.

या उदाहरणांतून एक बोध निघतो. बुद्धी खेड्यात उणी नाही. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात आणि एका शाळेतून पुढच्या शाळेत जाण्याची वाट मुलाला सापडते की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ही वाट बहुधा चैत्र-वैशाखातच तुटते.

मुले कोठे गळतात

पहिली गळती वेचणीच्या दिवसांत सुरू होते. दिवाळीपासून माघापर्यंत आईवडील कपाशीत असतात. तेव्हा मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहते आणि हळूहळू तिचा अभ्यास मागे पडतो. परीक्षेच्या वेळी ती कच्ची ठरते, आणि ‘हिला शिक्षण जमत नाही’ असा समज घरात होतो. वस्तुतः तिला शिकण्यास वेळच मिळालेला नसतो.

दुसरी गळती गावची शाळा संपते तेथे होते. शाळा चौथी-पाचवीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असेल, तर पुढील वर्गासाठी दुसऱ्या गावी जावे लागते. दाखला काढण्याचे राहून जाते, उन्हाळा निघून जातो आणि विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात तेव्हा ते मूल कोणत्याच हजेरीपटावर नसते.

तिसरी गळती स्थलांतराची होय. खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारे असल्याने विहिरीच्या आधारावर उन्हाळी पिके घेणे कठीण जाते. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावांची ही अडचण आहे. हरभरा निघाला की मजुरांना गावात काम उरत नाही आणि कुटुंबे मुलांसह बाहेर पडतात.

कायदा काय सांगतो

१ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षणहक्क कायद्यान्वये ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही, एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सुटलेल्या मुलास त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात बसवावे लागते. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही कायद्यात म्हटले आहे. पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास पुन्हा परीक्षेची संधी दिली जाते. ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. मूल नापास झाले म्हणून त्याला कामाला लावण्यापूर्वी त्यांनी शिक्षकांना अवश्य भेटावे.

शिष्यवृत्तीच्या वाटा

शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी व आठवीसाठी घेतली जाऊ लागली होती. २०२५ साली राज्य शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीत आणण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे आता तयारी एक वर्ष आधी सुरू करणे आवश्यक आहे. आठवीतील विद्यार्थ्यांसाठी आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांहून अधिक नसेल, तर निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. या सर्वांसाठी उत्पन्नाचा अगर जातीचा दाखला लागतो तेव्हा ऐनवेळी धावपळ होते. म्हणून शेतीची कामे कमी असलेल्या वैशाखातच हे दाखले काढून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

गावाने करावयाची कामे

‘गुढीपाडवा, पट वाढवा’ ही मोहीम जिल्हा परिषदेच्या शाळांत परिचित आहे. तिला पुढील कामांची जोड द्यावी.

१. ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षे पूर्ण करणाऱ्या बालकांची यादी अंगणवाडी सेविकेकडून घ्यावी व प्रत्येक नाव पहिलीच्या पटावर आले की नाही ते पडताळावे.

२. गावची शाळा ज्या वर्गापर्यंत आहे, त्या शेवटच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याचा पुढील प्रवेश कोठे होणार हे निकालाच्या दिवशीच लिहून ठेवावे. बाहेरगावी जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एस. टी.चा मोफत पास मिळतो, ही माहिती त्यांच्या आईला प्रत्यक्ष भेटून द्यावी.

३. कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबास शिक्षण हमी पत्रक द्यावे. ते दाखवून मुलास नव्या गावच्या शाळेत बसता येते.

४. शाळेत पिण्याच्या गोड्या पाण्याची सोय आहे का, हे ग्रामपंचायतीने उन्हाळ्यापूर्वीच पाहावे. शहानूर धरणावरील नळाचे पाणी शाळेच्या टाकीपर्यंत नियमित पोहोचले पाहिजे. कूपनलिकेच्या खाऱ्या पाण्यावर मुलांना ठेवू नये.

५. १ मे रोजी होणाऱ्या ग्रामसभेत गुणवंतांचा सत्कार करताना पट, सरासरी उपस्थिती आणि शाळा सोडलेल्या मुलांची संख्या वाचून दाखवावी. अशी मुले कोणत्या घरची आहेत याचा जाहीर उच्चार मात्र करू नये; त्या घरी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने व शिक्षकाने मिळून जावे.

मृगाच्या सुमारास सर्वांचे लक्ष पेरणीकडे लागते आणि शाळेची आठवण मागे पडते. म्हणून वरील कामे वैशाखअखेर पुरी व्हावीत. शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात यादी पुन्हा एकदा हजेरीपटाशी ताडून पाहावी. कपाशीत नांग्या भरण्याचे दिवस त्याच सुमारास येतात. उगवण न झालेल्या जागी वेळेवर बी टोकले, तर ते रोप बाकीच्या पिकाबरोबर वाढते. उशीर झाला तर ती जागा वर्षभर रिकामी राहते. पटावरून गळलेल्या मुलाच्या बाबतीतही असाच उशीर होऊ नये.