कार्यस्थिती-विश्लेषण, चलच्चित्रीय
काम करणाऱ्या कामगाराचे चलच्चित्रण करून, संगणकीय आज्ञावलीने सांध्यांचे कोन व हालचालींची पुनरावृत्ती मोजून कामाची पद्धत शरीरास अनुकूल करण्याचे तंत्र. फ्रँक गिलब्रेथ (१८६८–१९२४) व त्यांच्या पत्नी लिलियन (१८७८–१९७२) यांनी १९१२ मध्ये चलच्चित्रपट याच कामी योजिला. त्यांचा रोख मात्र मुख्यतः अनावश्यक हालचाली टाळण्यावर होता. १९९३ च्या ‘रूला’ पद्धतीत कार्यस्थितीस १ ते ७ गुण देतात. ७ गुण मिळाल्यास तातडीने बदल आवश्यक ठरतो.

अकलूजसारख्या (सोलापूर जिल्हा) साखर कारखान्यांच्या परिसरात पोत्यांची हाताळणी हे याचे बोलके उदाहरण होय. साखरेचे पोते सामान्यतः ५० किग्रॅ. भरते. याउलट, अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सूत्रानुसार सर्वांत अनुकूल स्थितीतही २३ किग्रॅ. हीच मर्यादा असून ओझे शरीरापासून दूर असल्यास, जमिनीलगत असल्यास वा कंबर वळवावी लागल्यास ती आणखी घटते. ही अंतरे व कोन चित्रणावरून मोजता येतात. त्यामुळे हमालास नुसता उपदेश करण्याऐवजी थप्पीची उंची वा वाहक पट्ट्याची पातळी किती बदलावी, हे ठरविता येते. कॅमेरा हालचालीच्या प्रतलाशी काटकोनात नसेल, तर कोन चुकीचे येतात. स्नायूंवरील ताण तर चित्रात दिसतच नाही. त्याचे मापन वेगळे करावे लागते.